स्वाध्याय आणि म्हैसूरची ताडपत्रे

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना आहे, तिच्या पहिल्याच श्लोकात स्वाध्यायाला स्थान मिळाले आहे. त्याच्या एका बाजूस यज्ञ आहे, दुसऱ्या बाजूस तप. चौथ्या अध्यायात यज्ञांचे निरनिराळे प्रकार सांगताना द्रव्ययज्ञ, तपोयज्ञ आणि योगयज्ञ करणाऱ्यांच्याच पंक्तीला स्वाध्यायरूप ज्ञानयज्ञ करणारे यती बसविले आहेत. सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन येते. तेथे कोणाचे मन न दुखविणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे सांगून झाल्यावर लगेच स्वाध्यायाचा अभ्यास सांगितला आहे. एकच शब्द तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणी त्याची संगत यज्ञाशी व तपाशी आहे, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

सामान्य माणसास येथे शंका येते. यज्ञात समिधा जाळाव्या लागतात, तूप ओतावे लागते, पदरचे द्रव्य खर्चावे लागते. तपात शरीर झिजते. पाटावर बसून पोथी उघडण्यात कोणता होम आणि कोणता क्लेश? शिवाय याच गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनास स्पष्ट बजावतात की, वेदाध्ययनाने, दानाने किंवा उग्र तपाने आपले हे रूप कोणास पाहता येत नाही. दुसऱ्या अध्यायात तर वेदांच्या फुलोऱ्यासारख्या वाणीत रमून गेलेल्या विद्वानांची चांगलीच कानउघाडणी आहे, आणि पुष्कळ ऐकून भांबावलेली बुद्धी स्थिर होईल तेव्हाच योग साधेल, असेही सांगितले आहे. मग पढण्याचा गौरव खरा की निषेध खरा?

दोन्ही खरे आहेत. कारण दोन ठिकाणी अभिप्रेत असलेले वाचन एक नव्हे. आपल्याकडे पारायणाची थोर परंपरा आहे. श्रावणात, मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सप्ताहात घरोघर पोथ्या वाचल्या जातात, आणि त्या वाचल्या जातात म्हणूनच मराठी घरात धर्म टिकला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु असेही घर पाहावयास मिळते की, आजोबांची शंभरावी आवृत्ती चालू आहे, मध्येच नातवाच्या हातून तांब्या लवंडतो, आणि पोथीवरचे बोट न उचलता आजोबा त्याच्यावर असे खेकसतात की मूल रडू लागते. ओवी मात्र चुकत नाही. अशा वाचनात जिभेला वळण लागते; बाकी माणूस जिथल्या तिथे राहतो. गीतेने वाचनाला वाणीच्या तपात घातले, त्याच्या शेजारी दुसऱ्याच्या मनास उद्वेग न देणारे बोलणे का ठेवले, हे या प्रसंगावरून उमगण्यासारखे आहे. पूर्वी वाचन मोठ्याने होत असे. ज्या जिभेने पाठ म्हणावयाचा, तीच जीभ उठल्यावर घरात बोलणार. पाठाचा परिणाम त्या बोलण्यात दिसला नाही, तर तप घडले असे कसे म्हणावे?

वाचनाला तप का म्हणावे याचे उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा म्हैसूर नगरीतील एका घटनेने देणे अधिक सोपे आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या कारकिर्दीत १८९१ साली तेथे ओरिएंटल लायब्ररी स्थापन झाली. आज ती म्हैसूर विद्यापीठाची प्राच्यविद्या संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे ताडपत्रांवरील हजारो पोथ्या आहेत. ताडपत्राची पोथी ज्याने हाताळली नसेल त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, ते पान शाईने लिहिलेले नसते. लोखंडी टोकदार लेखणीने पानावर अक्षरे कोरतात. कोरल्यावर ती जवळजवळ अदृश्यच असतात; वरून काजळी चोळून पान पुसले की, कोरलेल्या रेघांत काळिमा उरतो आणि मग अक्षर दिसते. पाने भोकांतून दोरी ओवून दोन फळ्यांमध्ये बांधतात. पान वाळले की ठिसूळ होते, हात लागताच तुकडा पडतो. कसर लागली तर ओळीच्या ओळी नाहीशा होतात. म्हणून पानांवर गवती चहाचे तेल लावण्याची पद्धत तेथे आहे. त्या तेलाने कीड दूर राहते, पानात थोडा लवचिकपणा येतो आणि ओल धरत नाही.

या ग्रंथालयात रुद्रपट्टण शामशास्त्री हे ग्रंथपाल होते. कावेरीकाठच्या रुद्रपट्टण गावी १८६८ साली त्यांचा जन्म झाला. संस्कृताचे अध्ययन जुन्या पद्धतीने झालेले, आणि सोबत इंग्रजी विद्येचीही पदवी. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताकडून ग्रंथालयास ताडपत्रांची एक पोथी मिळाली. लिपी ग्रंथ, म्हणजे तमिळ देशात संस्कृत लिहिण्यासाठी वापरली जाणारी. १९०५ साली शामशास्त्र्यांनी ती उलगडली आणि हा कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ आहे हे ओळखले. ज्या ग्रंथाचे नाव दंडीच्या दशकुमारचरितात येते, ज्याचा आधार कामंदकाच्या नीतिसाराने घेतला, टीकाकारांनी ज्यातील वचने दिली, पण जो समग्र स्वरूपात विद्वानांच्या हाती नव्हता, तो त्या दोन फळ्यांमध्ये बांधलेला होता. पंधरा अधिकरणे, दीडशे अध्याय. १९०९ साली मूळ संस्कृत ग्रंथ छापून निघाला, १९१५ साली संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. प्राचीन भारतास राज्यशास्त्र ठाऊकच नव्हते, येथे केवळ वैराग्याचा विचार झाला, असे म्हणणाऱ्यांना त्यानंतर आपले मत बदलावे लागले.

या घटनेचे वर्णन 'शोध लागला' एवढ्या दोन शब्दांत करण्याची चाल आहे. ते वर्णन अपुरे आहे. पोथी हरवलेली नव्हती. ती कोणाच्या तरी घरी होती, कोणी तरी ती जपली होती, बहुधा पिढ्यानपिढ्या तिला दसऱ्याला गंधफूलही वाहिले जात असेल. नव्हता तो वाचणारा. आणि वाचणारा म्हणजे अक्षरे ओळखणारा नव्हे. ग्रंथ लिपी वाचणारे पंडित दक्षिणेत पुष्कळ होते. परंतु हा ग्रंथ ओळखण्यासाठी दंडी वाचलेला असावा लागतो, कामंदक वाचलेला असावा लागतो, टीकांमधील अवतरणे स्मरणात असावी लागतात. आधी वाचलेले मनात जागे असेल तेव्हाच नवे पान बोलू लागते.

त्यातही पुढचे काम कष्टाचे. ताडपत्रावर शब्दांमध्ये अंतर सोडलेले नसते. अक्षरांची अखंड माळ असते आणि पदे तोडावयाची ती वाचणाऱ्याने. 'नतस्य' ही तीन अक्षरे आली तर ती 'न तस्य', म्हणजे त्याचे नव्हे, अशी वाचावीत की 'नतस्य', म्हणजे नम्र झालेल्याचे, अशी? मागचा पुढचा संदर्भ पाहावा, व्याकरण पाहावे, ग्रंथकाराची शैली पाहावी, आणि मग एक पक्ष स्वीकारून दुसरा सोडावा. असे प्रत्येक ओळीत करावयाचे. ज्यास भाषांतर करावयाचे आहे, त्याची तर सुटकाच नाही. साधा वाचक न कळलेल्या शब्दावरून पुढे सरकतो, भाषांतरकारास प्रत्येक शब्दापाशी कर भरावा लागतो. पानात न कळणारे एकही वाक्य राहू नये म्हणून अर्थ ओढून आणण्याचा मोह फार होतो. तो आवरणे यातच त्याचे तप आहे, आणि आपल्या मताची जी आहुती पडते ती यज्ञात पडणाऱ्या तुपाहून स्वस्त नसते.

शामशास्त्र्यांचे सर्वच अर्थ पुढे टिकले असे नाही. महामहोपाध्याय गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून १९२४-२५ साली स्वतःच्या टीकेसह अर्थशास्त्राची आवृत्ती काढली. मुंबई विद्यापीठातर्फे प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात संशोधित संहिता, भाषांतर आणि विवेचन असे तीन भाग सिद्ध केले. अनेक ठिकाणी पाठ सुधारले, अर्थ बदलले. यात पहिल्या वाचकाचा कमीपणा नाही. चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्याची जी तीन साधने सांगितली, त्यांत नम्रतेच्या आणि सेवेच्या मध्ये परिप्रश्न ठेवला आहे, म्हणजे चहूबाजूंनी विचारणे. प्रश्न विचारल्याने श्रद्धा उणी होते ही समजूत गीतेची नाही.

मराठी वाचकास हे नवे वाटण्याचे कारण नाही. नाथांनी पैठणास शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्या आधी ज्ञानेश्वरी वाचली जात नव्हती असे थोडेच आहे? उलट ती इतकी वाचली आणि उतरून घेतली जात होती की, तीत अपपाठ शिरले होते. नाथांचे भागवतावरील प्रभुत्व आणि अधिकार एवढा की, त्यांनी स्वतःच्या ओव्या घातल्या असत्या तरी लोकांनी माथ्यावर धरल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. ज्ञानोबांचा शब्द जसा होता तसा शोधून काढणे आणि स्वतः बाजूस राहणे हेच त्यांनी आपले कर्तव्य मानले. एवढ्या समर्थ कवीने दुसऱ्याच्या ग्रंथापुढे केवळ वाचक होणे, ही स्वाध्यायाची फार वरची पायरी होय.

आता अर्थशास्त्र या ग्रंथातच विद्येविषयी काय सांगितले आहे ते पाहण्यासारखे आहे. राजपुत्राच्या शिक्षणाचे प्रकरण पहिल्याच अधिकरणात येते. विद्या कोणास वळण लावू शकते? कौटिल्य आठ गुण मोजतो. शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा, श्रवण, ग्रहण, धारण, विज्ञान, म्हणजे विशेष प्रकारे समजणे, ऊह, म्हणजे स्वतःचा तर्क, अपोह, म्हणजे चुकीचे टाकून देणे, आणि शेवटी तत्त्वाभिनिवेश, म्हणजे जे खरे ठरले त्यास धरून राहणे. हे आठ ज्याच्या बुद्धीत आहेत, त्यालाच विद्या घडविते, इतरांस नाही, असा त्याचा स्वच्छ निर्वाळा आहे. पुढे दिनक्रम येतो. दिवसाच्या पूर्वभागात हत्ती, घोडे, रथ आणि शस्त्रे यांची विद्या, उत्तरभागात इतिहासश्रवण, उरलेल्या दिवसात व रात्री नवे शिकावे, शिकलेले घोळावे आणि जे समजले नाही ते पुनः पुनः ऐकावे. ऐकण्यातून प्रज्ञा, प्रज्ञेतून योग, योगातून आत्मवत्ता अशी चढण त्याने दाखविली आहे. राज्य, कर, हेर आणि दुर्ग यांचा विचार करणारा हा व्यवहारी आचार्य. पण विद्येचे फळ सांगताना तो कोशवृद्धी सांगत नाही, माणसाने स्वतःचा स्वामी होणे सांगतो. गीतेनेही दुसऱ्या अध्यायात अर्जुनास आत्मवान हो असेच सांगितले आहे. रणांगण आणि राजवाडा, दोन्हीकडे तोच शब्द निघावा!

आठांपैकी बहुतेक वाचक चौथ्यापाशी, म्हणजे धारणेपाशी थांबतात. पाठ झाले, आता काय उरले? ऊह आणि अपोह उरतात. गीता संपत आली असता भगवंतांनी अर्जुनास हेच सांगितले. गुह्याहून गुह्य ज्ञान तुला सांगून झाले. आता त्याचा पूर्णपणे विमर्श कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. साक्षात ईश्वराने सांगितल्यावर विमर्श कशास हवा? पण भगवंत तो मागतात. आणि सर्व उपदेश आटोपल्यावर ते शिष्याला दोन प्रश्न विचारतात: एकाग्र चित्ताने ऐकलेस काय, आणि अज्ञानातून आलेला तुझा मोह गेला काय? किती श्लोक ध्यानात राहिले, हा प्रश्न तेथे नाही. अर्जुनाचे उत्तरही त्याच मापाचे आहे. मोह गेला, स्मृती परत आली, संदेह उरला नाही, सांगाल ते करीन. अध्यायाची समाप्ती झाल्यावर पोथीला नमस्कार करताना गीताभ्यासकांनी हे दोन प्रश्न स्वतःस विचारून पाहावेत. पहिल्याचे उत्तर देणेही जड जाते.

म्हैसूरचीच आणखी एक व्यक्ती येथे आठवते. प्रा. मैसूरु हिरियण्णा. १८७१ साली जन्मलेले हे विद्वान प्रारंभी ओरिएंटल लायब्ररीत ग्रंथपाल होते, पुढे महाराजा कॉलेजात संस्कृत शिकवीत. भारतीय तत्त्वज्ञानाची रूपरेषा सांगणारा त्यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९३२ साली निघाला, तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. तत्पूर्वीची वर्षे उपनिषदांची शांकरभाष्यासह भाषांतरे आणि वर्गातील अध्यापन यांत गेली. त्यांचे लेखन मितभाषी आहे. एखादे वाक्य गाळून पाहावे तर प्रकरण लंगडे पडते. पुष्कळ वाचून थोडे लिहिणे हल्ली फारसे कोणास परवडत नाही.

शामशास्त्र्यांविषयी म्हैसुरात एक आख्यायिका सांगतात. महाराज चौथे कृष्णराज युरोपात गेले असता जर्मनीतील एका विद्वानाने त्यांना शामशास्त्र्यांच्या म्हैसूरचे महाराज म्हणून ओळखले. परतल्यावर महाराजांनी शास्त्रीबोवांस सांगितले की, येथे तुम्ही आमचे प्रजाजन, पण तिकडे आमची ओळख तुमच्यामुळे. कथेतील तपशील असोत वा नसोत, लोकांनी ती इतके दिवस जपली यातच तिचा अर्थ आहे.

मात्र स्वाध्यायाचा हा विचार पंडितांपाशी संपवला तर गीतेशी अन्याय होईल. अठराव्या अध्यायाच्या शेवटी फलश्रुतीसारखे जे श्लोक आहेत त्यांचा क्रम नीट पाहावा. प्रथम, हे गुह्य इतरांपर्यंत पोहोचविणाऱ्याची थोरवी आहे. त्याच्यासारखा प्रिय दुसरा नाही असे भगवंत म्हणतात. नंतर या संवादाचे अध्ययन करणाऱ्याचे. त्याने ज्ञानयज्ञाने आपली पूजा केली असे ते मानतात. आणि शेवटी केवळ ऐकणाऱ्याचे. ज्यास वाचता येत नाही पण ज्याच्यापाशी श्रद्धा आहे आणि असूया नाही, तोही मुक्त होतो.

म्हैसूरच्या राजीवनगर भागात सय्यद इसाक नावाचे एक गृहस्थ राहतात. लहानपणी कष्टात दिवस गेले, शिक्षण मिळाले नाही. पुढे भुयारी गटारांची सफाई आणि मिळेल ते रोजंदारीचे काम करून त्यांनी पोट भरले. आपण शिकलो नाही, निदान वस्तीतल्या मुलांनी कन्नड वाचावे, या एका इच्छेने २०११ च्या सुमारास त्यांनी रस्त्याकडेच्या शेडवजा जागेत सर्वांसाठी विनामूल्य ग्रंथालय सुरू केले. वृत्तपत्रांचा खर्चही ते आपल्या कमाईतून करीत. ग्रंथ वाढत अकरा हजारांच्या घरात गेले. त्यांत भगवद्गीतेच्या सुमारे तीन हजार प्रती होत्या, आणि त्यांच्या शेजारी कुराण व बायबल. ९ एप्रिल २०२१ च्या पहाटे आग लागून ते सारे भस्म झाले.

कौटिल्याच्या आठ गुणांतील पहिला गुण शुश्रूषा आहे, हे वर आलेच. गीतेनेही अठराव्या अध्यायात हे ज्ञान कोणास सांगू नये हे सांगताना ज्याला ऐकण्याची इच्छाच नाही त्याचे नाव घेतले आहे, आणि असूया करणाऱ्याचे. म्हणजे ग्रहण, धारण, विज्ञान या पुढच्या गोष्टी. आधी कोणाच्या तरी मनात इच्छा उपजली पाहिजे. ती पंडितात असेलच असे नाही, आणि गटारात उतरणाऱ्या माणसात नसेलच असेही नाही. इसाकांनी गीतेवर भाष्य केले नाही, तिचे पाठांतर केले नाही. जे त्यांना स्वतःला मिळाले नव्हते ते दुसऱ्याच्या हाताशी यावे एवढीच तजवीज केली, आणि तीन धर्मांचे ग्रंथ एका मांडणीवर ठेवताना मनात असूया येऊ दिली नाही. मोठमोठ्या मठांतून हे साधत नाही.

आगीनंतर ग्रंथालय पुन्हा उभे करणार असे त्यांनी सांगितले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून अनोळखी लोकांनी पैसे व पुस्तके देऊ केली, आणि देणाऱ्यांनी त्यांची जात वा पंथ विचारला नाही. त्याच नगरीत, ओरिएंटल लायब्ररीच्या जुन्या संग्रहात, तंजावरच्या त्या अनामिक पंडिताची पोथी तेल लावून जपून ठेवलेली आहे.